पंधरावा रंग

"असं कोणी टोक काढते का?" वसुधा म्हणाली. "इकडे पाह्य."

तिने तिचा ब्रश पाण्यात बुडवला, ओठांत धरला, बोटांनी हलकेच फिरवून बाहेर काढला आणि माझ्या नाकापुढे धरला. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश होता. टोक सुईसारखं झालं होतं.

मी डाव्या अंगठ्याच्या नखावर टोक काढत होतो. ओला ब्रश नखावर टेकवायचा, फिरवत मागे ओढायचा, की केस एकत्र येतात. त्या वेळी मी माझ्या सहा फुटी कॅनव्हासच्या कोपऱ्यात सही करत होतो. चित्र अर्धंसुद्धा झालं नव्हतं, पण सही करून मी मोकळा झालो होतो. तेव्हा मी तसाच होतो.

"काऊन करतो असं नखावर?" तिने विचारलं.

"सवय."

"कोणी लावली?"

"कोणी नाही. अशीच लागली."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग हसून आपल्या पाटाशी जाऊन बसली. हे बोलणं मी त्याच दिवशी विसरलो. ती विसरली नव्हती, हे मला पुढच्या जूनमध्ये कळलं.

कोल्हापूरच्या बाहेर, एका जुन्या संस्थानिकाच्या पागेत आमचं चित्रकलेचं कॉलेज भरायचं. पेंटिंगच्या एम.एफ.ए.ला त्या वर्षी चौघांना प्रवेश मिळाला होता. त्यातले दोघे गावातलेच, घरी काम करायचे आणि हजेरीपुरते उगवायचे. त्यामुळे पागेतली शेवटची खोली माझी आणि वसुधा वानखडेची झाली. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून होत्या. एका कडीला तिची झोळी, दुसऱ्या कडीला माझा शर्ट. खिडकी एकच, तीही उंचावर. पावसाळ्यात तिथे दिवसभर दिवा लावावा लागायचा आणि भिंतीला हात लावला की गार ओल बोटांना लागायची.

ती परतवाड्याची. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्यांच्या हाताला येणाऱ्या ग्रीजच्या वासासकट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "माझे वडील शाळेत ड्रॉइंग शिकवतात."

माझ्या वडिलांनी शाळेचं तोंड चौथीनंतर पाहिलं नव्हतं. ते आणि आजोबा सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी लाकडी खेळणी करायचे. आंबे, केळी, पोपट, भातुकलीची जाती. शिवाय आजोबा देवांचे पाट रंगवायचे. घराच्या पडवीतच सगळा कारखाना. मी पाच वर्षांचा असल्यापासून पोपटांचे डोळे काढत होतो. पण मला आता खेळणीवाला व्हायचं नव्हतं, चित्रकार व्हायचं होतं, आणि चित्रकाराला पोपटांचे डोळे शोभत नाहीत असं माझं ठाम मत होतं. म्हणून मी दाढी वाढवली, बिनदुधाचा चहा प्यायला लागलो आणि कोणी काही दाखवलं की डोळे बारीक करून "स्पेस जरा कमी पडतेय" असं म्हणायला शिकलो. कोणी विचारलं नाही की कसली स्पेस, म्हणून निभावलं.

निघताना आजोबा एस.टी. स्टँडवर आले होते. त्यांनी धोतराच्या सोग्याखालून चहाचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. डबा मी ओळखला. त्यात पिवळा रंग होता.

"मोठ्या शाळेत चल्लंस. असूंदे तुझ्याकडे," ते म्हणाले. "पण याद ठेव. ह्या रंगाक तोंड लावूचा नाय. देवाचो रंग उष्टो करूचो नसता."

हे मी जन्मापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरात कोणीच ब्रश तोंडात घालत नसे, सगळे नखावर टोक काढायचे. देवाचं नाव आजोबा वरवर लावायचे, खरं कारण मला ठाऊक होतं. मी सात वर्षांचा असताना आजीच्या एका कोंबडीने पिवळ्याने भरलेली डिंकाची चिंधी गिळली. दुपारपर्यंत ती कुंपणाशी आडवी झाली. आजोबांनी तिला खड्डा खणून पुरली, कोणाला शिवू दिली नाही. त्या दिवसापासून खेळण्यांना बाजारचा पिवळा आला, कारण पोरं खेळणी तोंडात घालतात. डब्यातला पिवळा फक्त देवांच्या पितांबराला राहिला.

मी तो डबा ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी टाकला आणि ट्रंक स्टुडिओतल्या कोपऱ्यात लोटून दिली.

वसुधाची चित्रं पोस्टकार्डाएवढी. एकावर एक कागद चिकटवून ती जाड कागद तयार करायची, त्यावर डिंकात कालवलेले कोरडे रंग. परतवाड्याचं घर, माजघर, पाठमोरी आई, निवडायला घेतलेली तूर. माणसं अंगठ्याएवढी, पण आई थकली आहे हे मानेवरून कळायचं. एकेका चित्राला तिला दहा-दहा दिवस लागायचे. ऑगस्टमध्ये ती अडली.

"मले उनाचा रंग पाहिजे," ती म्हणाली. "खिडकीतून जे ऊन येते ना चार वाजता, ते. दुकानातला कोणताच पिवळा उजेडत नाही. सगळे नुसते हळदीसारखे बसतात."

दोन दिवस ती तेच बोलत होती. तिसऱ्या दिवशी मी उठलो, ट्रंक उघडली आणि डबा काढून तिच्यापुढे ठेवला. का दिला? ती अडली होती आणि माझ्याकडे तिला हवं ते होतं. आणखी खरं सांगायचं तर तिने माझ्याकडे कौतुकाने पाहावं अशी माझी फार इच्छा होती. माझी चित्रं पाहून तसं कोणीच पाहत नव्हतं.

तिने चिमूटभर पूड कागदावर घेतली आणि खिडकीखाली नेली. पूड चमकली. अभ्रकासारखी चमक नव्हे, आतून येणारी. तिने कागद तिरपा करून पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "कुठून आनला?"

"मुंबईहून. एका जुन्या दुकानातून. दुकान आता बंद झालं."

"डिंक किती घालावा लागन?"

"नेहमीपेक्षा जास्त. आणि खूप घोटायचा, नाहीतर कणी राहते."

"दुकानदारानं सांगितलं?"

"हो."

आणि तिथेच मी थांबलो. जीभ लावू नकोस, हे पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. पण ते आजोबांच्या आवाजात आलं होतं, देव आणि उष्टं सगळं घेऊन. दुकानातून रंग आणलेल्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? ती विचारणार, कोण म्हणतं असं? मग पडवी निघणार, पोपट निघणार. मी स्वतःशी म्हणालो, उद्या सांगू. काहीतरी सबब काढून सांगू.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा ती कामाला लागलेली होती. रात्रीतून घोटून तिने वाटीभर रंग करून ठेवला होता. शिंपल्यात थोडा घेऊन ती रेघ ओढत होती, आणि दर रेघेमागे ब्रश ओठांत जात होता.

"रंग लागलाय," मी माझ्या ओठाकडे बोट करून म्हणालो.

तिने जिभेने तो पुसून टाकला आणि हसली.

सप्टेंबरच्या शेवटी आमचे विभागप्रमुख घोरपडे सर काम पाहायला आले. सर धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, बोलायला रोखठोक. आधी माझ्या कॅनव्हाससमोर उभे राहिले. मी स्पेसबद्दल बोललो, ताणाबद्दल बोललो. ते ऐकत राहिले.

"लई मोठं केलंयस," शेवटी म्हणाले. "आता आत काय घालतोस ते बघू."

मग ते वसुधाच्या पाटाशी गेले, गुडघे मोडून खाली बसले आणि चष्मा काढून चित्र डोळ्यांजवळ नेलं. माजघरात चार वाजताचं ऊन आलं होतं. तुरीच्या सुपावर, आईच्या पायावर. सर किती वेळ उठलेच नाहीत.

"पोरी, हे ऊन कुठनं आणलंस?"

"दिगंबरनं दिलं, सर."

"ह्यानं?" सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग स्वतः का वापरत न्हाईस रं?"

सगळी खोली हसली. हजेरीला आलेले ते दोघेसुद्धा. मीही हसलो. माझ्या घरचा रंग, माझ्या आजोबांचा, आणि सर गुडघे टेकतात तिच्यापुढे! त्या दिवशी मी तिचा खरोखर द्वेष केला. ते फार तर आठवडाभर टिकलं असेल. पण त्या आठवड्यात तिला सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, आणि हे मला आजही धडपणे कोणाला सांगता येत नाही.

ऑक्टोबरात तिचं जेवण तुटलं. मेसमध्ये दोन घास खाऊन ती उठायची. सकाळी पागेमागच्या नळावर ओकारीचा आवाज यायचा, मग ती तोंड धुऊन लाल डोळ्यांनी आत यायची आणि पाटावर बसायची.

"पित्त झालं," ती म्हणायची. "इथलं पानीच मले सोसत नाही."

मेसमधल्या मावशी तिला कोकमाचं सरबत करून देऊ लागल्या. सगळ्यांनी पाण्यावर ढकललं. मीही म्हणालो, कोल्हापूरचं पाणी जड असतं.

त्याच सुमारास एकदा मी धीर केला. म्हणजे मी त्याला धीर समजलो.

"वसुधा, तो ब्रश तोंडात घालत जाऊ नकोस. घाण सवय आहे."

"तू काय माही आजी हायेस?"

"नाही, रंग पोटात जातो."

"मातीच तर हाय. गेरू, काव, काजळी. लहानपनी पाटीवरची पेन्सिल खाल्ली, तिनं काई झालं नाही." तिने ब्रश ओठांत घातला, मुद्दाम, मला दाखवून. "झालं? आता काम करू दे."

मी मनात म्हणालो, मी सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी तीन महिने काढले. मी डबा परत मागितला, म्हणालो मला लागणार आहे. तिने लगेच दिला. पण घोटलेला वाटीभर रंग तिच्याकडेच होता, आणि डिंकातला रंग वाळला तरी पाण्याचं बोट लावलं की पुन्हा जागा होतो.

दिवाळीला ती घरी गेली आणि तीन आठवड्यांनी भरलेल्या गालांनी परत आली. आईने डिंकाचे लाडू दिले होते, त्यातले अर्धे तिने माझ्यापुढे ठेवले. "पाह्य, घरचं पानी," ती म्हणाली. मी लाडू खाल्ला. मला वाटलं, सुटलो. कोंबडीचं वेगळं, माणसाचं वेगळं. आजोबा जुने लोक, त्यांना सगळ्यात विघ्न दिसायचं.

दहा दिवसांत नळावरचा आवाज पुन्हा सुरू झाला.

डिसेंबरात एका दुपारी ती हात पुढे करून माझ्याजवळ आली. "हे पाह्य काय झालं. पांढरा रंग निघतच नाही."

तिच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. प्रत्येक नखावर, एकाच उंचीवर, जणू कोणी पट्टी लावून ओढल्या होत्या. मी तिचा अंगठा धरून त्यावर माझं नख घासलं. रेघ वर नव्हती, नखाच्या आत होती.

"टर्पेंटाइनने जाईल," मी म्हणालो.

"आन मुंग्या येतात रे बोटांले. पायालेबी. चप्पल पायात हाय का नाही, समजत नाही."

त्या दिवसापासून तिची रेघ बदलली. आईच्या मानेची ती रेघ तिने चारदा पुसली. पाचव्यांदा ब्रश तिच्या बोटांतून गळून चित्रावर पडला. तिने तो उचलायचा प्रयत्न केला, दोनदा. मग मांडीवर हात ठेवून ती भिंतीतल्या कडीकडे बघत बसली. मी माझ्या कॅनव्हासमागे उभा होतो. मी पुढे झालो नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती स्टुडिओच्या पायरीवर कोसळली. दवाखान्यात चार दिवस सलाइन झाली. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, मग म्हणाले कावीळ असावी, मग म्हणाले नसांचं काहीतरी दिसतंय, नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. पाचव्या दिवशी तिचे वडील आले. बुटके, रुंद खांद्यांचे, अंगावर खाकी पँट. रजा टाकून डेपोतून तसेच निघाले असावेत. ग्रीजचा वास खराच येत होता.

ते पागेत तिचं सामान घ्यायला आले तेव्हा घोरपडे सरही बरोबर होते. मी आणि सरांनी मिळून तिची चित्रं कागदात गुंडाळली. वानखडे काकांनी खिशातून कागद काढला. एस.टी.च्या कुठल्यातरी छापील फॉर्मची कोरी बाजू होती.

"बेटा, तिकडच्या डॉक्टरांनी फोनवर एक काम सांगितलं," ते म्हणाले. "पोरगी कोनकोनते रंग वापरत होती, सगळे लिहून आना म्हने. एकबी सोडू नका. वसू म्हने दिगूले इचारा, त्याले सगळं ठाऊक."

त्यांनी खिशातलं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं.

मी ट्रंकेवर बसलो. ज्या ट्रंकेत डबा होता त्याच ट्रंकेवर. लिहू लागलो. गेरू. काव. काजळी. नीळ. खडू. झिंक व्हाइट. एकेक नाव सुबक अक्षरात, पोपटांचे डोळे काढायचो त्या निगुतीने. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "डिंक लिही," ते म्हणाले. "मध घालते ती डिंकात, तेबी लिही. लवंगेचं तेल." मी ते सगळं लिहिलं. चौदा नावं झाली.

पेन कागदावर टेकलेलं होतं. पंधरावं नाव मला ठाऊक होतं. दुकानात, वैद्याकडे, गावात सगळीकडे चालणारं साधं नाव. ते लिहिलं की सर विचारणार, हे तिला कोणी दिलं? आणि तुला ठाऊक होतं तर पाच महिने काय केलंस? पेनाच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"अन् तो पिवळा?" सर म्हणाले.

"तो साधा पिवळा आहे, सर. पिवडीच. लिहिलाय वर मातीच्या रंगांत."

वर लिहिलेला नव्हता. सरांनी पुन्हा वाचलं नाही. वानखडे काकांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि वरून दोनदा थोपटली. मग पिशवीतून संत्रा बर्फीचा पुडा काढून माझ्या हातात दिला.

"तुमी होते म्हनून एकटी पोरगी इथं राह्यली, बेटा," ते म्हणाले.

त्या दुपारच्या गाडीने ते तिला घेऊन गेले. मी स्टेशनवर गेलो नाही.

आठ दिवस मी कोल्हापुरातच राहिलो. काम करत होतो. त्या मोठ्या कॅनव्हासवर काहीतरी काळं काळं भरत होतो. नवव्या दिवशी एस.टी. धरून घरी गेलो. का, हे मला बसमध्येही नीट ठाऊक नव्हतं. डबा बरोबर घेतला होता.

आजोबा पडवीत बसून एका पाटावर मत्स्यावताराचे खवले काढत होते. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"अर्धो झालो," ते म्हणाले. "तुया वापरलंस?"

"माझ्या वर्गातल्या मुलीने."

त्यांनी ब्रश नखावर ओढला, टोक काढलं, आणि तसाच हातात धरून राहिले. "ती टोक खंय काढता?"

मी ओठांकडे बोट दाखवलं.

"तिका सांगलंस?"

"नाही."

"कित्या?"

मी पडवीभर पाहिलं. वाळत घातलेले पोपट, डोळ्यांविना. वडील खालच्या अंगाला लाकूड तासत होते. "तुम्ही कोण आहात ते तिला सांगावं लागलं असतं," मी म्हणालो. कसं बोललो मला ठाऊक नाही. पण बोललो.

आजोबांनी ब्रश पाण्यात ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, खुंटीवरची टोपी घातली, काठी घेतली. "तिच्या बापाशीचो पत्तो सांग," म्हणाले. पोस्ट दीड मैलावर होतं. मी बरोबर यायला निघालो तर काठीनेच त्यांनी मला थांबवलं. पत्ता लिहिलेला कागद घेऊन ते एकटे गेले, उन्हातून. परतवाडा डेपोच्या पत्त्यावर त्यांनी तार केली. तारेत रंगाचं नाव होतं, तो पोटात गेला आहे असं होतं, आणि खाली त्यांचं नाव, गाव आणि धंदा होता. लाकडी खेळणी करणारे. पोस्टमास्तरांनी मला हे नंतर सांगितलं.

जूनमध्ये दुसरं वर्ष सुरू झालं. पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी स्टुडिओत शिरलो तर वसुधा खिडकीखाली उभी होती. वडील ऑफिसात तिचा दाखला काढत होते. ती बारीक झाली होती, केस विरळ झाले होते. पायात चपलेऐवजी पट्ट्यांचे बूट होते आणि हात तिने ओढणीत घेतले होते.

"बस ना," मी म्हणालो.

"नाही, लवकर निघाचं हाय." मग म्हणाली, "आजोबांले नमस्कार सांग. त्यांची तार आली तवा कुठं डॉक्टरांले समजलं. केस तपासले, नखं तपासली, सोमलाचं विष निघालं. नाहीतर ते भलतंच औषध देऊन राहिले होते. जीव वाचला त्यांच्यामुळं."

"आता कशी आहेस?"

"चालते. जेवते. बोटांले समजत नाही काही. गरम का थंड, धरलं का सोडलं." ती हे अगदी साधेपणाने बोलली. "डॉक्टर म्हनतात, थोडं लवकर समजलं असतं तर फरक पडला असता का नसता, ते सांगता येत नाही."

मी भिंतीकडे पाहत होतो. तिची झोळी नसलेली कडी तिथे होती.

"वसुधा, माझे वडील शाळेत ड्रॉइंग—"

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"तारेवरून?"

"नाही रे. जुलैपासून. तू नखावर टोक काढत होता. माह्या मामानं एकदा तुमच्याकडची लाकडाची फळं आनली होती, तवा तिथले कारागीर असंच करतात म्हनून सांगितलं होतं. मी पाह्यलं आन समजली, हा कारागिराच्या घरचा हाय. आमच्यासारखा कॉलेजात शिकलेला नाही." ती जराशी हसली. "म्हनून तर तुह्यासमोर दोन दिवस पिवळा पिवळा करत बसली. मले वाटलं, याच्या घरी असन. मी इचारलंबी होतं तुले, काऊन करतो असं नखावर."

"मी सवय म्हणालो."

"हो."

बाहेर तिच्या वडिलांचा आवाज आला. तिने ओढणीतून हात काढले. नखं आता स्वच्छ होती, रेघा वाढून कापल्या गेल्या होत्या. बोटं मात्र थोडी आत वळलेली. तिने पर्समधून एक कागद काढला, तो काढायलाही तिला वेळ लागला. एस.टी.चा छापील फॉर्म. तिने तो ट्रंकेवर उलटा पसरला आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. माझी चौदा नावं, सुबक अक्षरात. शेवटच्या नावाखाली शाईचा एक मोठा ठिपका होता.

"बाबानं जपून ठेवला होता," ती म्हणाली. "म्हने, पोरानं किती मन लावून लिहिलं. मी त्यांले काही सांगितलं नाही."

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"तुह्या हातानं लिही. माह्यानं लिहिनं होत नाही आता."

मी पेन घेतलं. ठिपक्याच्या पुढे त्या पिवळ्याचं नाव लिहिलं, हरताळ. पंधरा नावांत तेवढं एकच वाकडं आलं. तिने ते वाचलं. मग ती कागदाची घडी घालू लागली. कागद निसटला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मी मदतीला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "जमते मले."

मी उभा राहिलो. तिला ती घडी घालायला बराच वेळ लागला.